झिरो फॉरेक्स की पॉइंट्सवालं कार्ड? आधी खर्च मांडू, मग कार्ड निवडू

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते बघता येईल. शिरोली एमआयडीसीत तुमचं मशीन शॉप आहे. २०२७ च्या जूनमध्ये ड्युसेलडॉर्फला गिफा आहे, फाउंड्रीवाल्यांचं दर चार वर्षांनी भरणारं प्रदर्शन. तिथं तुम्ही आधी एकटे जाणार. पाच-सहा दिवसांनी वहिनी आणि कॉलेजातली मुलगी झुरिकला उतरणार आणि मग तिघं मिळून आठवडाभर स्वित्झर्लंड. सध्या तुमच्याकडं एकच क्रेडिट कार्ड आहे, परदेशातल्या खर्चावर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, घेणारं. बँकेतला अधिकारी म्हणतो, दहा हजार फीचं प्रीमियम कार्ड घ्या, पॉइंट्समधून फी वसूल होते. मेहुणे म्हणतात, फुकटातलं झिरो फॉरेक्स, म्हणजे मार्कअप न घेणारं क्रेडिट कार्ड घ्या. तुम्ही विचारलंय, कुणाचं ऐकू?

मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत अठरा वर्षं तिकिटं, व्हिसा आणि परकीय चलनाचं काम करते. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकीय चलन भरून घ्यायचं प्रीपेड कार्ड, विकलं की मला कमिशन मिळतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण खाली फॉरेक्स कार्डाबद्दलही बोलणार आहे. क्रेडिट कार्डं मी विकत नाही. पण सहलीहून परतलेली माणसं चॉकलेटच्या डब्याबरोबर कार्डाचं स्टेटमेंटही घेऊन येतात आणि विचारतात, “हे कसले पैसे लागलेत, जरा बघा की.” ती स्टेटमेंटं वाचून वाचून जे कळलं ते लिहिते.

तुम्ही एका कार्डाचं नाव विचारलंय. पण तुमच्या खर्चाचे तीन वेगळे कप्पे आहेत आणि तिन्हींना एकच कार्ड नीट बसत नाही. पहिला कप्पा इथं रुपयांत होणाऱ्या खर्चाचा: विमानाची तिकिटं, व्हिसा, विमा. दुसरा तिकडं युरोत आणि स्विस फ्रँकमध्ये कार्ड घासाल त्याचा. तिसरा वर्षभर घरासाठी आणि शॉपसाठी इथंच होणाऱ्या खर्चाचा. बँकेतला अधिकारी तिसऱ्या कप्प्याबद्दल बोलतोय, मेहुणे दुसऱ्याबद्दल. आपापल्या जागी दोघंही बरोबर आहेत, म्हणूनच तुम्ही गोंधळलात.

आता दुसऱ्या कप्प्याचा हिशेब घालू. तुम्ही तिकडं १०० युरोचं बिल दिलंत की व्हिसा किंवा मास्टरकार्ड या कार्ड नेटवर्कच्या कंपन्या त्यांच्या त्या दिवसाच्या दरानं त्याचे रुपये करतात. हा दर बाजारभावाच्या अगदी जवळचा असतो. त्यावर तुमची बँक मार्कअप लावते आणि मार्कअपवर सरकारचा १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३.५ टक्क्यांचे प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतात. २ टक्के मार्कअप असेल तर २.३६ टक्के. काही बँका हे पैसे स्टेटमेंटवर वेगळ्या ओळीत दाखवतात, काही दरातच मिसळून टाकतात. मिसळलेले असले की माणसाला कळतही नाही, त्याला वाटतं युरोच महाग झाला.

हॉटेल, रेल्वे, जेवणखाण, खरेदी मिळून तुमचे तिकडं ४,००० युरो जातील असं धरू. हिशेबाला सोपं पडावं म्हणून युरो १०० रुपयांचा धरते. म्हणजे चार लाख रुपये. आत्ताच्या कार्डावर मार्कअप १४,००० आणि त्यावर जीएसटी २,५२०, एकूण १६,५२० रुपये. पॉइंट्समधून फार तर हजारभर परत येतील. अधिकारी सुचवतोय ते कार्ड घेतलंत तर फी १०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ११,८००. त्याचा मार्कअप २ टक्के असला तर ९,४४० रुपये आणखी. पॉइंट्स चांगले, अडीच टक्के किमतीचे धरले तरी १०,००० रुपयांचे. वजाबाकी करा: ११,२४० रुपये खिशातून गेले. फी नसलेल्या झिरो मार्कअप कार्डावर हाच आकडा शून्य. निव्वळ या सहलीपुरतं बघायचं तर मेहुण्यांचं म्हणणं खरं आहे.

दोन आकडे लक्षात ठेवलेत तर पुढं कुठल्याही कार्डाची जाहिरात तुम्हाला तपासता येईल. २ टक्के मार्कअपच्या कार्डानं परदेशी खर्चावर २.३६ टक्क्यांपेक्षा जास्त किमतीचे पॉइंट्स दिले, तरच ते साध्या झिरो कार्डाच्या पुढं जातं. ३.५ टक्केवाल्याला ४.१३ ओलांडावं लागतं, आणि तेवढं देणारं कार्ड सामान्य माणसाच्या हाती क्वचितच लागतं. यात वार्षिक फी अजून धरलेलीच नाही.

पण प्रीमियम कार्ड वाईट, असं मात्र म्हणणार नाही. इथं सगळं तुमच्या तिसऱ्या कप्प्यावर अवलंबून आहे. वर्षाला दहा-बारा लाखांचा खर्च खरोखरच कार्डावरून होत असेल, तर अशा बऱ्याच कार्डांची फी माफ होते आणि अडीच टक्क्यांनी पंचवीस-तीस हजारांचे पॉइंट्स जमतात. त्यात मुंबईहून पुढची तिकिटं निघतात. तेव्हा अधिकाऱ्याचं म्हणणं खरं ठरतं.

फक्त ‘खरोखरच कार्डावरून’ या शब्दांवर थांबा. गोकुळ शिरगावच्या एका उद्योजकांनी मला सांगितलं होतं, वर्षाला पंधरा लाख तर सहज होतात. आम्ही दोघांनी बसून मागच्या बारा महिन्यांची बिलं काढली. धातूचे बार आणि कास्टिंग पुरवणारे कार्ड घेतच नव्हते, आरटीजीएस मागायचे. कामगारांचा पगार बँकेतून. जीएसटीचा भरणा सरकारी, त्यावर पॉइंट्स नाहीत. डिझेलवर बहुतेक कार्डं पॉइंट्स देत नाहीत. शेडचं भाडं आणि वॉलेट वगळलेलं, वीजबिल आणि विम्याच्या हप्त्यावर महिन्याची मर्यादा. शेवटी पॉइंट्स मिळतील असा खर्च उरला सव्वातीन लाख. त्या खर्चावर दहा हजारांची फी माफही होत नव्हती आणि वसूलही. तुम्हीही बारा महिन्यांचा खर्च असाच मांडा. अर्धा तास लागेल, पण त्याशिवाय या प्रश्नाचं खरं उत्तर मिळणार नाही.

पॉइंटची किंमतही कार्डाप्रमाणं बदलते. एखाद्या कार्डावर पॉइंट २० पैशांचा, दुसऱ्यावर रुपयाचा. त्याच कार्डात बिलातून वजा करून घेतला तर २० पैसे आणि विमान तिकिटाला वापरला तर ५० पैसे, असंही असतं. ‘१०० रुपयांना ४ पॉइंट्स’ ऐकलं की लगेच विचारायचं: एक पॉइंट किती रुपयांचा, कुठं वापरल्यावर, वापरायला वेगळी फी आहे का आणि मुदत किती? त्याबरोबर एक पाचवा प्रश्न, जो सहसा कुणी विचारत नाही: परदेशातल्या खर्चावर पॉइंट्स मिळतात का? काही झिरो कार्डं मार्कअप सोडतात आणि त्या खर्चावरचे पॉइंट्सही कमी करतात किंवा देतच नाहीत. त्यानं फार बिघडत नाही, कारण चार टक्के वाचवून एक टक्का सोडणं परवडतं. पण आधी माहीत असलेलं बरं.

नावं विचारलीत म्हणून सांगते. फी नसलेल्यांत फेडरल बँकेचं स्कॅपिया आहे, मार्कअप नाही. आयडीएफसी फर्स्टचं वॉव आहे, ते मुदत ठेवीवर मिळतं, त्यालाही फी आणि मार्कअप नाही. फी देऊन घ्यायचं तर आरबीएल बँकेचं वर्ल्ड सफारी, वार्षिक ३,००० अधिक जीएसटी, मार्कअप शून्य. मधल्या पायरीवर एचडीएफसीचं रेगालिया गोल्ड, फी २,५०० अधिक जीएसटी, मार्कअप २ टक्के. हे सगळं लिहिते त्या घडीचं. या धंद्यात अटी वर्षातून दोनदासुद्धा बदलतात, म्हणून अर्ज करताना त्या कार्डाच्या ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’चा कागद उघडा आणि त्यात ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. जाहिरातीतल्या मोठ्या अक्षरांपेक्षा त्या ओळीवर विश्वास ठेवा.

आता जे सांगते ते कार्डाच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचं आहे. यात झिरो फॉरेक्स कार्डसुद्धा तुम्हाला वाचवू शकत नाही.

२०२३ च्या गिफाला मी अकरा जणांचा गट घेऊन गेले होते. प्रदर्शनाच्या दिवसांत ड्युसेलडॉर्फमधल्या हॉटेलांचे दर गगनाला भिडतात, म्हणून आम्ही कोलोनला उतरलो होतो आणि रोज रेल्वेनं ये-जा करत होतो. शेवटच्या दिवशी सकाळी खोल्या सोडताना आमच्यातल्या एकांनी झिरो मार्कअपचं कार्ड मशीनमध्ये घातलं. बिल होतं ३१२ युरो. मशीनच्या पडद्यावर दोन चौकोन आले. एकात ३१२ युरो, दुसऱ्यात २९,५९९ रुपये. त्यांनी रुपयांवर बोट ठेवलं. त्यांना वाटलं, रुपये म्हणजे आपलं चलन, बदलायची भानगडच नाही. खाली बारीक अक्षरांत दरात ६ टक्के मार्जिन धरल्याचं लिहिलेलं होतं. मी रांगेत चौथी होते. पुढं जाईपर्यंत पावती निघालीसुद्धा.

त्या दिवशी युरो साडेएकोणनव्वद रुपयांच्या घरात होता. ३१२ युरोचे २७,९२४ झाले असते. मशीननंच १,६७५ जास्त घेतले. पुढच्या महिन्यात स्टेटमेंट घेऊन ते माझ्याकडं आले तेव्हा त्यात आणखी एक ओळ होती: परदेशात रुपयांत व्यवहार केल्याबद्दल १ टक्का आणि त्यावर जीएसटी, ३४९ रुपये. एका बिलावर दोन हजारांच्या वर गेले, तेही मार्कअप नसलेल्या कार्डावर. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, बोलीत डीसीसी. दुकानदार, त्याची बँक आणि मध्यस्थ कंपनी हे मार्जिन वाटून घेतात, म्हणून काउंटरवरची माणसं कित्येकदा स्वतःच रुपयांचं बटण दाबून मोकळी होतात. मशीन तुमच्या हातात आलं की जर्मनीत युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, एवढंच. एटीएमवर ‘विथ कन्व्हर्जन’ आणि ‘विदाउट कन्व्हर्जन’ असं विचारतं, तिथं विदाउट. चुकून रुपयांत झालं तर सही किंवा पिन देण्याआधी रद्द करायला सांगा आणि परत घासा. संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

ही गळती घरबसल्याही होते. परदेशात नोंदणी असलेल्या काही हॉटेल बुकिंगच्या साइट किंमत रुपयांत दाखवतात आणि रुपयांतच घेतात, पण पैसे जातात बाहेरच्या व्यापाऱ्याला. त्यावर बऱ्याच बँका तोच १ टक्का अधिक जीएसटी लावतात. झिरो कार्ड असेल तर अशा ठिकाणी ‘हॉटेलात पैसे द्या’ निवडा आणि तिथं युरोत द्या. रद्द करता येणारं बुकिंगच घ्या, कारण ३.५ टक्क्यांच्या कार्डावर पैसे भरून परतावा घेतलात तर मूळ रक्कम त्या दिवसाच्या दरानं परत येते, मार्कअप बहुतेक वेळा येत नाही.

आता फॉरेक्स कार्ड. माझ्या दुकानातलाच माल आहे, म्हणून जास्त स्पष्ट बोलते. यात तुम्ही आधी पैसे भरता, त्यामुळं दर आजच पक्का होतो. मुलांना शिकायला पाठवणाऱ्यांना आणि बजेट ठरवून जाणाऱ्यांना ते सोयीचं आहे. चलन बदलण्यावरचा जीएसटी किरकोळ असतो, चार लाखांना ४५० रुपये. खरा खर्च दरातल्या फरकात असतो, बाजारभाव आणि तुम्हाला दिलेला भाव यांत. तो विचारून घ्या, घासाघीस करा, चार लाखांसाठी आम्ही भाव कमी करतो.

पण तुमच्या सहलीत एक खड्डा आहे आणि त्यात मी माझ्याच ग्राहकांना पाडलंय. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाला मी युरो भरलेलं कार्ड दिलं. ते पॅरिसहून लुत्सर्नला गेले. स्वित्झर्लंड युरोपात असला तरी तिथं युरो नाही, फ्रँक चालतो. कार्डात फ्रँक नव्हते, म्हणून प्रत्येक खरेदीला युरोतून फ्रँक होताना कार्डाच्या बँकेनं साडेतीन टक्क्यांच्या घरात क्रॉस करन्सीचा आकार लावला. चूक माझी होती, मी त्यांना विचारायला हवं होतं. ते पैसे मी भरून दिले आणि त्या दिवसापासून फॉर्म भरायच्या आधी मी मार्गावरचा प्रत्येक देश लिहून घेते. तुम्ही फॉरेक्स कार्ड घेतलंत तर युरो आणि फ्रँक वेगवेगळे भरून घ्या. झिरो मार्कअप क्रेडिट कार्डाला हा प्रश्नच नाही, त्याला सगळी चलनं सारखी.

टीसीएसबद्दल, म्हणजे परदेशी खर्चावर आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचे सीए विचारतील. मे २०२३ मध्ये सरकारनं परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्चही एलआरएसच्या, म्हणजे माणसानं वर्षाला परदेशात किती पैसे न्यायचे-पाठवायचे हे ठरवणाऱ्या योजनेच्या, मर्यादेत आणला होता, पण जूनच्या अखेरीस ते लांबणीवर टाकलं. त्यामुळं तिकडं जाऊन क्रेडिट कार्ड घासल्यावर टीसीएस लागत नाही. फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्ड एलआरएसमध्ये मोजलं जातं. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर गेलं तर टीसीएस लागतो, सहलीच्या खर्चाला २० टक्के. चार लाखांत तुमचा संबंध येत नाही. परदेश सहलीचं पॅकेज एजंटाकडून घेतलंत तर मात्र त्यावर टीसीएस वेगळा असतो आणि त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आलाय, तो त्या वेळी विचारा. कापलेला टीसीएस रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, हेही ध्यानात असू द्या.

क्रेडिट कार्ड हवंच, याचं आणखी एक कारण म्हणजे डिपॉझिट. हॉटेलं चेक-इनला काही रक्कम अडकवून ठेवतात, गाडी भाड्यानं देणारे तर शेकडो युरो. क्रेडिट कार्डात फक्त लिमिट अडकतं. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डात तुमचे रोख पैसे अडकतात आणि सुटायला आठवडे लागू शकतात. भाड्याची गाडी घ्यायचा विचार असेल तर चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. प्रीपेड कार्ड बरेच जण घेत नाहीत.

वहिनी आणि मुलगी तुमच्यापासून वेगळ्या उतरणार, त्यांच्या हातात काय असणार याचाही विचार करा. तुमच्या कार्डावर अ‍ॅड-ऑन (त्याच खात्यावरचं जोडकार्ड) मिळतं, पण लिमिट एकच असतं. तुमचं कार्ड हरवलं आणि खातंच बंद केलं, तर दोन्ही गेली. मी सांगेन, वहिनींच्या नावानं मुदत ठेवीवरचं एक कार्ड काढा. त्याला उत्पन्नाचा पुरावा लागत नाही आणि त्यांचा सिबिलचा इतिहासही सुरू होतो. इथं आपल्याकडची एक अडचण येते. कोल्हापुरात ठेवी बहुतेक सहकारी बँकेत नाही तर पतसंस्थेत असतात, आणि त्या ठेवीवर दुसऱ्या बँकेचं कार्ड मिळत नाही. कार्ड देणाऱ्या बँकेतच नवी ठेव करावी लागते. म्हणून जुनी ठेव मोडू नका, तिची मुदत कधी संपते ते बघून वेळ जुळवा.

विमानतळावरच्या मोफत लाउंजचं आकर्षण अधिकाऱ्यानं दाखवलं असणारच. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबई, मग दिवसभर थांबून मध्यरात्रीचं विमान, या प्रवासात लाउंज खरंच उपयोगी पडतं, मी नाकारत नाही. पण आता बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केल्याशिवाय प्रवेश मिळत नाही, आणि परदेशातल्या लाउंजची मोफत संख्या वेगळी मोजली जाते. त्यासाठी म्हणून फी भरू नका.

नेटवर्क व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या. सप्टेंबर २०२४ पासून मोठ्या बँकांना नेटवर्कची निवड ग्राहकाला द्यावी लागते, तेव्हा मागून घ्या. दोन कार्डं असतील तर एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड, दोन बँकांची, दोन वेगळ्या पाकिटांत. डायनर्स किंवा अ‍ॅमेक्स जर्मनीतल्या छोट्या दुकानांत चालेलच असं नाही. जर्मनीत तर बेकरी, छोटी हॉटेलं, काही ठिकाणची स्वच्छतागृहं रोखच मागतात. तीनशे-चारशे युरोच्या नोटा इथूनच घेऊन जा, शक्यतो लहान. विमानतळावरच्या काउंटरपेक्षा गावातला भाव बरा पडतो. पन्नास हजारांच्या वरचं चलन रोखीनं मिळत नाही, चेक किंवा बँकेतूनच पैसे द्यावे लागतात. नाणी परत कुणी घेत नाही, ती तिकडंच संपवा. आणि क्रेडिट कार्डानं एटीएममधून पैसे काढू नका. अडीच टक्क्यांची किंवा किमान पाचशे रुपयांची फी बहुतेक कार्डांवर असते, शिवाय बऱ्याच कार्डांवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. तसंच, परत आल्यावर बिल पूर्ण भरायची तयारी नसेल तर वरचा सगळा हिशेब वाया. महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज म्हणजे एका महिन्यात मार्कअपइतके पैसे गेले.

तर तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते सांगते. विमानाची तिकिटं रुपयांत, भारतातल्या साइटवरून, आत्ताच्याच कार्डावर काढली असती, तिथं झिरो फॉरेक्सचा काही उपयोग नाही. फी नसलेलं एक झिरो मार्कअप कार्ड तुमच्या नावानं, दुसरं वहिनींच्या नावानं. ड्युसेलडॉर्फचा सगळा खर्च तुमच्या कार्डावर, स्वित्झर्लंडचा वहिनींच्या. सीएंना प्रदर्शनाचा खर्च आणि घरची सहल वेगळी करायला स्टेटमेंटच पुरेल. त्यासाठी वहिनींच्या कार्डाचं लिमिट पुरेसं आहे का ते आधी बघा, ठेवीवरच्या कार्डाचं लिमिट ठेवीच्याच आसपास असतं. प्रीमियम कार्डाचा निर्णय बारा महिन्यांची बिलं मांडल्यावर, आणि या सहलीशी त्याचा संबंध न जोडता. मांडणीत पॉइंट्स मिळणारा खर्च आठ-दहा लाखांच्या पुढं गेला, तर अधिकाऱ्याला परत बोलवा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.

अर्ज फेब्रुवारीत करा. धंदेवाईक माणसाला आयकर रिटर्न मागतात, पत्त्याची पडताळणी होते, एखादा अर्ज कारण न देता परतही येतो आणि दुसऱ्या बँकेकडं जायला वेळ हवा. काही कार्डं ठरावीक पिनकोडलाच देतात, तेही आधी तपासा. नको असलेलं कार्ड बंद करायला घाबरू नका. थकबाकी नसेल तर अर्ज दिल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेनं ते बंद करावं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

कार्ड हातात आलं की ते परदेशासाठी बंदच असतं. २०२० पासून तसाच नियम आहे. अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापराची वेगवेगळी बटणं असतात: दुकानातलं मशीन, ऑनलाइन, एटीएम, टॅप. मशीन आणि ऑनलाइन चालू करा, एटीएम बंद ठेवा, रोजची मर्यादा घाला. पिन स्वतः ठरवून इथल्याच एखाद्या दुकानात एकदा वापरून बघा. भारतातलं सिम रोमिंगवर चालू राहील याची सोय करा, ओटीपी त्यावरच येणार.

मग एक चाचणी घ्या, मी सगळ्यांना घ्यायला लावते. कोलोन-ड्युसेलडॉर्फचं किंवा पुढच्या कुठल्याही प्रवासाचं रेल्वे तिकीट जर्मन रेल्वेच्या साइटवरून युरोत काढा. तीन-चार दिवसांत व्यवहार पक्का होऊन स्टेटमेंटवर येईल. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही साइटवर तारीख घालून त्या दिवसाचा दर बघता येतो, बँकेचा मार्कअप शून्य टाका आणि आकडा ताडून पाहा. थोड्या पैशांचा फरक चालेल, कारण दर घासल्याच्या दिवसाचाच असेल असं नाही, व्यवहार पक्का होतो त्या दिवसाचाही असू शकतो. पण टक्क्यांत फरक दिसला, किंवा खाली मार्कअपची वेगळी ओळ दिसली, तर कार्ड झिरो नाही, आणि ते तुम्हाला मार्चमध्येच कळलेलं असेल. तेव्हा बदलायला हातात अडीच-तीन महिने असतील.

परतताना मुंबईला उतरलात की गाडीत बसल्या बसल्या ऑनलाइनचं आंतरराष्ट्रीय बटण पहिल्यांदा बंद करा, कारण परदेशी साइटवर कित्येकदा ओटीपी न विचारता पैसे जातात. मशीनचं बटण हॉटेल आणि गाडीची डिपॉझिटं सुटेपर्यंत चालू असलं तरी हरकत नाही. स्टेटमेंट आलं की ओळ न ओळ वाचा. अनोळखी व्यवहार दिसला तर तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवा, चूक तुमची नसेल तर तेवढ्या मुदतीत कळवल्यास तुमच्यावर भार येत नाही. आणि वाचताना काही अडलं तर ते स्टेटमेंट घेऊन शाहूपुरीत या, बसून बघू.